हातातली शिल्लक

पुण्यातल्या क्लायंबरचं वर्ष जूनमध्ये संपतं. पावसानं एकदा जोर धरला की सह्याद्रीतला कातळ पुढचे चार महिने आपला राहत नाही. तैलबैल्याच्या भिंतींवर पाण्याच्या धारा लागतात, ढाकच्या बहिरीच्या वाटेवर शेवाळ धरतं, नागफणी दिवसचे दिवस ढगात असते. मे महिन्यात ज्या खाचेत चार बोटं बिनधास्त अडकवली होती, तिच्यात जुलैत गवत उगवलेलं असतं. मग हातांनी करायचं काय? शिवाजीनगरची कृत्रिम भिंत आहे, अलीकडे खासगी क्लायंबिंग जिमही निघाल्यात. पण ऑफिस सुटल्यावर भर पावसात, ट्रॅफिकमधून वाट काढत तिथवर जायचं, म्हणजे चढाईच्या आधीच हातपाय गळतात. शिवाय बिले द्यायला, म्हणजे खालून दोर सांभाळायला, माणूस हवा, त्याची वेळ जुळायला हवी. पुलअप्सच्या बारला यातलं काहीच लागत नाही.

आमच्या भागातल्या मैदानाच्या कोपऱ्यात एक जुना बार आहे. कुणी, कधी ठोकला हे कुणालाच सांगता येत नाही. शेजारी नवी ओपन जिम झाली. तिथे हवेत चालायचं, कंबर फिरवायचं, बसल्या बसल्या ढकलायचं असं सगळं पिवळं-निळं सामान आलं, पण एक साधा आडवा पाइप लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे लटकायची हौस असलेले सगळे या जुन्या बारवरच येतात. त्याची एक बाजू बोटभर खाली आहे, म्हणून दर सेटला मी तोंड फिरवून घेते, नाहीतर एकाच खांद्यावर भार येतो. पाइप जाडसर, मूठ पुरती मिटत नाही. पावसाळ्यात आधी तो जुन्या पंच्यानं पुसायचा, वेल्डिंगच्या गाठीशी साचलेलं पाणी बोटानं निपटायचं, मग हाताला चॉकची पूड लावायची. एवढं करूनही तिसऱ्या-चौथ्या सेटपर्यंत चॉकचा चिखल होतोच.

या बारवर मी पुलअप्स मारते, म्हणजे लटकून हनुवटी बारच्या वर नेते. थोडे नाही, पुष्कळ. तीन-तीन, चार-चार करत, मध्ये मिनिटभर फेऱ्या मारत, अर्ध्या-पाऊण तासात शंभरच्या आसपास. हे बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं, आणि ते आहेच. ना घाम निथळतो, ना ओरडाआरडा होतो, ना व्हिडिओ काढावा असं काही दिसतं. जुलैत संध्याकाळी नदीच्या बाजूनं ढोल-ताशा पथकांचा सराव ऐकू येतो. वारा इकडचा असला की घड्याळाची गरज पडत नाही. त्यांचं एक आवर्तन संपलं की माझा पुढचा सेट.

क्लायंबर मंडळींत या प्रकाराबद्दल दोन तट आहेत. नवीन आलेला प्रत्येक जण, विशेषतः मुलगे, पुलअप म्हणजेच क्लायंबिंग असं धरून चालतो. वीस निघाले की आपण वर जाणार, निघाले नाहीत की नाही, इतका साधा हिशेब. दुसरा तट जुन्या-जाणत्यांचा. ते म्हणतात, बोटं आणि पाय कमवा, बारवर लोंबकळून काही होत नाही. माझ्या मते दुसरा तट बराचसा बरोबर आहे. तरी मी लोंबकळते, आणि आमच्या ग्रुपमधल्या पोरापोरींनाही लोंबकळायला लावते. त्याचं कारण दोघांच्याही हिशेबात येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधी जुन्या-जाणत्यांचं म्हणणं. एका पुलअपमध्ये शरीर साधारण अर्धा मीटर वर जातं. शंभर पुलअप्स म्हणजे झाली पन्नास मीटर चढाई, तीही निव्वळ हातांवर. एवढा कडा चांगला क्लायंबर चढतो तेव्हा त्याचे हात इतकं काम करत नाहीत, कारण उचलायचं काम मांड्या आणि पोटऱ्या करतात. हात फक्त शरीराला भिंतीशी धरून ठेवतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी स्पीड क्लायंबिंग बघावं. तिथली भिंत १५ मीटरची, म्हणजे तीस पुलअप्सच्या उंचीची. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोलंडच्या अलेक्झांड्रा मिरोस्लावनं ती ६.०६ सेकंदांत पार केली. पुरुष तर पाच सेकंदांच्या आत गेले. सहा सेकंदांत तीस पुलअप्स कुणाच्या बापाला जमणार नाहीत. स्लो मोशनमध्ये नीट पाहिलं तर ते सगळे पायांनी उड्या मारत वर जातात, हात दिशा देतात.

बोटांचंही तेच. बार हा जगातला सगळ्यात मोठा, सगळ्यात सोयीचा होल्ड, म्हणजे हातानं धरायची जागा. अख्खी मूठ त्यावर बसते. कातळावर तसं मिळतं कधी? पहिल्या पेराएवढी कड, दोन बोटांची खोबण, हे नेहमीचं. बोटं वळवणारे मुख्य स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांचे कंडरे तळव्यातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. बारीक कडेवर लटकायची ताकद या जोडीत येते, आणि ती यायला वर्षं लागतात. क्लायंबर्सवर झालेल्या अभ्यासांतही हेच पुन्हा पुन्हा समोर येतं, की वजनाच्या मानानं बोटांत किती ताकद आहे यावरून चढाईची पातळी सगळ्यात चांगली सांगता येते. पुलअपचा आकडा त्याच्या मागे असतो.

सह्याद्रीत तर जास्तीची ताकद घात करू शकते, आणि हे पुस्तकात वाचून नीट कळत नाही. आपला कातळ बेसॉल्ट. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. दोन घट्ट थरांच्या मध्ये कधी पोकळ्यांनी भरलेला भुसभुशीत थर, कधी चक्क तांबडी मातकट पट्टी. ग्रॅनाइटसारखा हा अखंड नाही. हाताला लागलेला पाटीएवढा दगड भिंतीचा भाग आहे की नुसता तिथे टेकलाय, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी बोटांच्या पेरांनी ठोकायचं. घट्ट असेल तर आवाज बारीक, कोरडा येतो. पोकळ असेल तर ढबढब वाजतं आणि हाताला किंचित थरथर जाणवते. तसल्या होल्डवर भार द्यावाच लागला तर सरळ खाली द्यायचा, अंगाकडे ओढायचं नाही. पाटावर बसलेला दगड खाली दाबला तर बसून राहतो, बाहेर ओढला की ड्रॉवरसारखा हातात येतो. आणि ज्याला रोज बार ओढायची सवय, तो अडचणीत आला की ओढणारच! दगड सुटला की त्याचं जे व्हायचं ते होतं, पण खाली बिले देत उभा असलेला माणूस फुकट मरतो. म्हणून माझ्याबरोबर पहिल्यांदा येणाऱ्याला मी पुलअप किती निघतात हे विचारत नाही. हेल्मेट आहे का ते विचारते.

इतकं सगळं विरोधात असताना शंभर-शंभर पुलअप्स कशासाठी?

याच बारवर भरतीची पोरं येतात. बार्शी, इंदापूर, माण, कुठकुठली. रूम करून राहतात, सकाळी पळतात, संध्याकाळी बीम मारतात. सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीत बीमचे गुण ठरलेले: १० पुलअप्सना ४०, ९ ला ३३, ८ ला २७, ७ ला २१, ६ ला १६. सहाच्या आत निघाले तर नापास. त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष त्या एका सेटवर. एक जण लटकतो, बाकीचे खालून मोजतात, सात-आठनंतर पाय झाडणं सुरू होतं, नववा निम्म्यात अडकतो, आणि हात सुटून पोरगं मातीत बसतं. पाच मिनिटं बसूनच असतं.

त्यातल्या एकानं मला विचारलं, "ताई, एका दमात किती निघतात तुमचे?"

"बघितलं नाही बऱ्याच दिवसांत."

"नाही म्हणजे, तुम्ही चार मारून उतरता. अजून निघाले असते की."

"म्हणूनच उतरते."

त्याला ते फारसं पटलं नसावं. त्याच्या परीक्षेत पुढचा सेटच नाही, तर तो मागे काही का ठेवेल? माझी परीक्षा वेगळी आहे. कड्यावर दिवसभरात एकच मोठा सेट कधीच नसतो. चार हालचाली, मग जरा बरी जागा, मग सहा हालचाली, मग कातळात ठोकलेल्या बोल्टाशी अडकून अर्धा तास, मग पुन्हा पाच. प्रत्येक वेळी हात सोडताना त्यात काहीतरी उरलेलं असावं लागतं, कारण पुढची बरी जागा कुठे आहे हे खालून दिसत नसतं.

आणि उरवायची ही सवय मोठ्या संख्येच्या पुलअप्सशिवाय लागत नाही, असं माझं मत आहे. करून बघा. पहिल्याच सेटला बारा मारून हात सोडणाऱ्याचा पुढचा सेट सातचा होतो, मग पाच, मग तीन, मग दीड. एकूण बेरीज तिशीच्या आत-बाहेर. तोच माणूस चारवर उतरायला लागला, मिनिटभर थांबला, पुन्हा चार, तर पंधरा-वीस सेट सहज होतात. यात जादू काही नाही. पूर्ण जोराच्या कामाला स्नायूतला तयार साठा साधारण दहा सेकंद पुरतो, आणि थांबलं की मिनिट-दोन मिनिटांत त्याचा बराचसा भाग परत भरतो. चार पुलअप्सना तेवढाच वेळ लागतो. म्हणजे साठा संपायच्या आत उतरायचं, भरू द्यायचं, पुन्हा चढायचं. पंगतीच्या पोळ्या लाटणाऱ्या बायका पहिल्या पोळीपासून लाटण्यावर हात मोकळा ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

शंभरातल्या पहिल्या वीसात हे कळत नाही, कारण तेव्हा सगळंच सोपं असतं. साठाव्या पुलअपच्या पुढे कळायला लागतं. तिथे शरीर आपोआप काटकसर करतं. मूठ लागेल तेवढीच आवळली जाते. खांदे कानाशी चढलेले असतील तर खाली येतात, कारण वर राहिले तर मान भरून येते. पाठीचे रुंद स्नायू कामाला लागतात आणि दंड जरा सुटतात. श्वास अडकवायचा थांबतो. हे कुणी शिकवून येत नाही. दमलेल्या हातांना स्वस्तातला रस्ता आपसूक सापडतो.

मुठीचं कातळावर फार महत्त्व आहे. होल्ड गरजेपेक्षा जोरात धरणं हा नवशिक्याचा हमखास रोग. घाबरलेला माणूस आवळतो. आवळलं की स्नायूतल्या दाबानंच आतल्या रक्तवाहिन्या दबतात, ताजं रक्त येत नाही, आणि कोपराखालचा हात दगडासारखा भरून येतो. आम्ही त्याला पंप होणं म्हणतो. पंप झालेल्या हातानं बुटाची नाडीसुद्धा सोडवत नाही. यावर औषध एकच: जागा मिळाली की हात खाली सोडायचा, झटकायचा, रक्त येऊ द्यायचं. शंभर पुलअप्समध्ये माणूस मिळून चार-पाच मिनिटं लटकलेला असतो, तेही बेताच्या पकडीनं, सोडत-धरत. कमी जोरात धरून राहायचं असलं शिक्षण दुसरीकडे सहज मिळत नाही.

माझे आजोबा शुक्रवार पेठेतल्या तालमीत जायचे. त्यांच्या बोलण्यात किलो कधी आले नाहीत, आकडे यायचे. जोर किती, बैठका किती, कुस्तीच्या मातीचा हौद किती वेळ उकरला. रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घालायची पद्धत अजून शाळाशाळांतून आहे, तिचीही जात तीच. आपल्याकडची मेहनत मुळात संख्येची. हलकं वजन, बहुतेक वेळा स्वतःचंच, आणि ते पुन्हा पुन्हा. धाप लागलेल्या पोराला वस्ताद हौदाभोवती चालायला लावायचे आणि दम बसल्यावर परत जोराला घ्यायचे, असं आजोबा सांगत. परदेशी कोचनं मिनिटाला एक सेट असा तक्ता काढला की तो आपल्याला शास्त्रीय वाटतो. वस्ताद तेच घड्याळाशिवाय करून घेत होते, फक्त त्यांच्याकडे तक्ता नव्हता. बाळंभट्टदादा देवधरांच्या मल्लखांबाबद्दल तर वेगळंच लिहायला हवं. दोरीवरच्या मल्लखांबातल्या मुली पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरून शरीर पेलतात. त्यांच्यातली एखादी भिंतीवर आली की पहिल्याच दिवशी आमच्यातल्या दोन-तीन दणकट गड्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

मुलींवरून आठवलं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली आल्या आल्या सांगतात, "माझा एकपण निघत नाही." सांगताना आवाज असा, जणू काही दाखला हरवलाय. कुणी तरी त्यांना सांगून ठेवलेलं असतं की बायकांच्या हातांत ते नसतंच. बायकांच्या वरच्या अंगात स्नायू तुलनेनं कमी असतात हे खरं. पण अमेरिकन क्लायंबर लिन हिलनं १९९३ मध्ये योसेमिटीतल्या एल कॅपिटान कड्यावरचा 'द नोज' मार्ग, दोर फक्त पडल्यास सावरायला ठेवून, निव्वळ हातापायांनी पहिल्यांदा चढून दाखवला तेव्हा जगातला एकही पुरुष तो तसा चढलेला नव्हता. पुढच्या वर्षी तिनं तोच मार्ग एका दिवसाच्या आत केला. उंची पाच फुटांच्या थोडी वर. या गोष्टीचा फायदा एवढाच की समोरची मुलगी रडगाणं थांबवते. नंतर काम करावंच लागतं. स्टुलावरून उडी मारून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि पाच-सहा सेकंद मोजत खाली यायचं. उतरताना स्नायू चढतानापेक्षा जास्त भार पेलू शकतात, म्हणून हे पहिल्या दिवसापासून जमतं. थोडेच करायचे, आणि दिवसाआड. पहिला पुलअप निघायला कुणाला दोन महिने लागतात, कुणाला सहा. निघतो.

आता ज्या कामासाठी मला हा सगळा खटाटोप लागतो, त्याबद्दल. क्लायंबिंगचे फोटो लीड करणाऱ्याचे, म्हणजे दोर घेऊन सगळ्यात पुढे चढणाऱ्याचे, निघतात. पुढे झुकलेल्या ओव्हरहँगवर लटकलेला, एक हात मोकळा, मागे दरी. सह्याद्रीतल्या सुळक्यावर चार-पाच जणांची टीम असेल तर तो फोटोतला भाग दिवसाच्या एका छोट्या तुकड्यात आटपतो. बाकीचा वेळ दोर ओढण्यात जातो. लीडर वर पोचून अँकर लावतो, म्हणजे दोर कातळाला पक्का करतो, आणि खालच्याला वर घ्यायला सुरुवात करतो. तो चढेल तसा दोर हातांनी वर घ्यायचा, ढिला राहू द्यायचा नाही. तीस-चाळीस मीटर. मग पुढच्यासाठी पुन्हा तेवढाच. मग सॅक. सुळक्यावर पाणी नसतं, म्हणून पाणी सॅकमधून ओढून न्यायचं. ती प्रत्येक कपारीत अडकते, अडकली की झटका द्यायचा, सुटली की परत ओढायचं. ऊन वाढलेलं, दोर मातीनं खरखरीत झालेला, तळहाताची लाही. चौथा माणूस वर येईपर्यंत खांद्याच्या मागचा भाग पेटलेला असतो, आणि अजून दोरावरून रॅपलिंग करून उतरायचं, दोर ओढून काढायचे, घसाऱ्यावरून पाय सांभाळत गावापर्यंत चालायचं बाकी असतं.

अपघात बरेचदा इथेच होतात. अवघड जागी माणूस सावध असतो. दुपारी चारला, सोप्या जागी, थकलेल्या हातांनी गाठ मारताना तो सावध नसतो. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची पद्धत मला फार आवडते. संध्याकाळी उतरायच्या आधी तो प्रत्येकाला दोन्ही हात वर करून मुठी मिटा-उघडा करायला लावतो. ज्याची मूठ अर्धवट मिटते त्याची गाठ तो स्वतः तपासतो, आणि त्यावर कुणाला वाद घालू देत नाही. त्या वेळेला मूठ पुरती मिटावी, यासाठी माझे पावसाळ्यातले पुलअप्स. कठीण जागा पार करण्याशी त्यांचा संबंध थोडाच आहे.

थोडा म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. कोपर वाकवून एका हातावर थांबायचं आणि दुसऱ्या हातानं दोर कॅरबिनरच्या कडीत टाकायचा, किंवा कातळात पेग, म्हणजे लोखंडी खुंटी, ठोकायचा, हे लीड करणाऱ्याला सतत करावं लागतं. म्हणून काही सेट मी थांबत करते. वर हनुवटीशी दोन श्वास, मध्यावर दोन श्वास, मग खाली. हिवाळ्यात कर्नाटकातल्या बदामीला गेलं की त्याचा उपयोग आणखी कळतो. तिथला तांबडा वालुकाश्म आपल्या कातळापेक्षा घट्ट, भिंती सरळसोट आणि कुठे कुठे पुढे झुकलेल्या. पायांवर भार कमी आणि ओढणं जास्त. बेसॉल्टवर रमलेले आम्ही पुणेकर तिथे पहिल्या दिवशी दुपारीच गार होतो.

कोपरांबद्दल बजावल्याशिवाय राहवत नाही. स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, कंडऱ्यांना महिने लागतात. मधल्या काळात हात म्हणतो चल, कोपर म्हणतं थांब, आणि आपण ऐकतो हाताचं. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाशी, मूठ आवळली किंवा दाराची मूठ फिरवली की कळ येते, ती सुरुवात समजायची. डॉक्टर त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. आमच्यात गोल्फ खेळलेलं कुणी नाही, पण हे दुखणं घराघरात. एकदा बसलं की हंगाम खाऊन जातं. म्हणून आठवड्याची बेरीज हळूहळू वाढवायची, लागोपाठच्या दिवशी बारला हात लावायचा नाही, आणि ओढण्याच्या जोडीला ढकलणं ठेवायचं. तालमीतले जोर त्यासाठी उत्तम. तिथली माणसं उगाच ओढणं-ढकलणं दोन्ही करत नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सवय नसताना कुणाच्या पैजेवर एकदम शंभर-दीडशे मारू नयेत. अमेरिकेत 'मर्फ' नावाचं एक वर्कआउट फार चालतं. त्यात मैलभर पळणं, १०० पुलअप्स, २०० पुशअप्स, ३०० स्क्वॉट्स आणि पुन्हा मैलभर पळणं. ते बघून इथली पोरंही पहिल्या दिवशी तेच करायला जातात. अशा अतिरेकानं स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात फुटतात, त्यातली प्रथिनं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं तुंबू शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड सुजून हात सरळ होईनासे झाले आणि लघवी कोलाच्या रंगाची झाली, तर मसाज, हळद-दूध वगैरे बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं. हे क्वचित होतं, पण होतं. ज्याचे एका दमात आठ निघतात त्यानं तीनचे दहा सेट इथून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला दोन-तीन सेट वाढवावेत. शंभरापर्यंत जायला दोन महिने लागले तर काही बिघडत नाही. पावसाळा चार महिन्यांचा असतो.

तळहाताचे घट्टे आंघोळीनंतर कानशीच्या पट्टीनं घासून सपाट ठेवायचे. उंच राहिलेला घट्टा बारवर दुमडतो आणि एक दिवस सालपटासकट निघतो.

आणि हे सगळं गणपतीपर्यंतच. पुढे संख्या वाढवत नेण्यात मला अर्थ वाटत नाही. मोठी कामं करणाऱ्यांनी संख्येच्या जोरावर ती केलेली नाहीत. अमेरिकन क्लायंबर जॉन गिल १९५० च्या दशकात जिम्नॅस्टिक्समधून बोल्डरिंगकडे, म्हणजे बुटक्या दगडांवरच्या बिनदोराच्या चढाईकडे, आला, चॉकचा वापर त्यानं कातळावर आणला, आणि तो एका हातानं पुलअप काढायचा. जर्मन क्लायंबर वोल्फगांग गुलिखनं न्यूरेंबर्गच्या एका जिममध्ये लाकडी पट्ट्यांची शिडीसारखी फळी तयार केली, पाय न लावता तिच्यावर हातांनी उसळ्या मारत वर जायचं. त्या सरावावर त्यानं १९९१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकनयुरात 'ॲक्शन डिरेक्ट' हा मार्ग चढला. जगातला पहिला ९ए, म्हणजे त्या काठिण्यश्रेणीचा पहिला मार्ग, म्हणून तो ओळखला जातो. ही ताकद थोड्या, पूर्ण जोराच्या प्रयत्नांतून येते, आणि तिला ताजे हात लागतात. रोज शंभर ओढून शिणलेल्या हातांवर ती चढत नाही. संख्येचं काम आधी, जोराचं नंतर, असा माझा क्रम. भरतीच्या पोरांनाही मी तेच सुचवलं: परीक्षा लांब आहे तोवर चार-चार मारा, शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पूर्ण सेट काढा. दोघांनी ऐकलं, बाकीचे हसले.

विसर्जन झालं की मी बेरीज निम्म्यावर आणते. बारऐवजी लाकडाच्या अरुंद पट्टीवर बोटांनी लटकणं सुरू होतं, पायांसाठी वेताळ टेकडीच्या खाणीत संध्याकाळी आडव्या चाली, जमिनीपासून हातभर उंचीवर. ऑक्टोबरात कातळ वाळला की बार आठवड्यातून एकदाच, तोही भिंतीवरून आल्यावर, दहा-बारा मिनिटं. कमावलेलं टिकायला तेवढं पुरतं. उरलेली शक्ती, पहाटे चारला गाडी कोणाची काढायची या वादाला लागते. यंदा तैलबैल्याला जायचं ठरतंय, आणि पाण्याची सॅक कोण ओढणार याच्यावर ग्रुपमध्ये आत्ताच दोन दिवस झाले मेसेज चाललेत.